पाठीवरचा नंबर

मालगुंडच्या बाजारात, गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे ‘नम्रता मोबाईल अँड झेरॉक्स’ अशी पाटी आहे. पाटी मोठी, दुकान लहान. आत झेरॉक्सचं मशीन, फोनच्या कव्हरांचं काचेचं कपाट, आणि कपाटामागे स्वतः नम्रता शिवलकर. बाहेर एक लाकडी बाक. त्या बाकावर बसलं की फोनला पुरी रेंज येते, आणि तिथून उठून वर सड्याकडे, कातळाच्या पठाराकडे, चालायला लागलं की पाच मिनिटांत ती गायब होते. त्यामुळे निम्म्या गावाची सुखदुःखं त्या बाकावर बसूनच बोलली जातात, आणि नम्रताला नको असली तरी ऐकू येतात.

तिच्याबद्दल गावात कोणालाही विचारा, एकच सांगतील. बाई कामाची, हात चलाख, हिशेबाला चोख, पण भित्री! गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी परत जाणारी. नवऱ्याची गाडी चिपळूण सोडून पुढे गेली का हे विचारायला तीनदा फोन करणारी. तिला घाबरवून गंमत बघणारे महाभागही गावात आहेत. दुकानात शिरताना उगाच “वैनी, पोलीस आले गो!” म्हणतात आणि ती दचकली की खिदळतात. मला त्यांचा राग येतो. माणूस उगाच भित्रं होत नाही.

नम्रताची भीती बुरोंडीची आहे. तिथे तिचं माहेर. वडील होडीवर जायचे. नाव भागोजी, पण सगळं बंदर त्यांना भागूनाना म्हणायचं, आणि बरोबरीचे “अरे भाग्या”. नम्रता अकरा वर्षांची असताना एके सकाळी दोन परकी माणसं अंगणात आली. हातात कागद. त्यांनी विचारलं, “भागोजी धाकू पावसे यांचं घर हेच का?” आई दारात उभी राहून सुपातले तांदूळ पाखडत होती. ती जिथे होती तिथेच खाली बसली. त्या घरात ते पुरं नाव कधी कोणी उच्चारलंच नव्हतं, आणि आता परका माणूस ते उच्चारत होता, तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. होडी कुठे उलटली, किती जण होते, हे नंतर.

तेव्हापासून अनोळखी माणसाच्या तोंडून कोणाचंही पुरं नाव आलं की नम्रताला वाटतं, कोणीतरी गेलं. बँकेत शिपायानं “नम्रता अनिल शिवलकर” असा पुकारा केला तरी ती आधी दाराकडे बघते. आता हे कोणाला सांगणार? हसतील लोक.

नवरा अनिल मुंबईला, भांडुपच्या एका कंपनीत. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे न्यायला येतो. माणूस मनानं वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात कल्पना फार. गेल्या वर्षी गावच्या क्रिकेट संघाला टी-शर्ट हवे होते, यानं लगेच अंगावर घेतलं. पिवळेधमक शर्ट. छातीवर संघाचं नाव, आणि पाठीवर ‘नम्रता मोबाईल, मालगुंड’, त्याखाली हातभर आकड्यांत दुकानाचा नंबर. म्हणजे नम्रताचाच.

“बाईमाणसाचा नंबर पोरांच्या पाठीवर?” ती भडकली होती. “डोक्यावर परिणाम झालाय काय तुमच्या?”

“अगो, फिल्डिंग करताना पाठच दिसते. सगळी पब्लिक नंबर वाचणार. जाहिरात अशी करतात!”

वाचला हो पब्लिकनं. दुसऱ्या आठवड्यापासून नम्रताला फोन सुरू झाले. रिचार्जचे थोडे, बाकी फालतू. “हॅलो नम्रता” म्हणून नुसतं हसणारे. व्हिडिओ कॉल करून नको ते दाखवणारे. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी तिनं नंबर ब्लॉक करायला शिकून घेतलं, आणि मग त्या कामात तिचा हात असा बसला की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो ब्लॉक झालेला असायचा. शेजारच्या मालनकाकूंना कोण्या खोट्या पोलिसानं परदेशी नंबरावरून, मागे सायरन वाजवून, नाव-गाव घेऊन धमकावलं, तेव्हा तर नम्रतानं झेरॉक्स मशीनवर एक कागदच चिकटवला. ‘नंबराआधी + दिसलं की उचलू नये. कट करून ब्लॉक करावे.’ खाली दोन रेघा.

आता बहादूर.

वर सड्यावर हापूसच्या कलमांची मोठी बाग आहे. तिथे नऊ वर्षं एक नेपाळी माणूस राखणीला आहे. मोहोर आला की वानर हाकायचे, आंबा धरला की रात्रंदिवस जागायचं, पावसाळ्यानंतर कलमांखालचं गवत काढायचं. गावात त्याला बहादूर म्हणतात. हॉटेलात भांडी घासणारा आहे तोही बहादूर, बंदरात जाळी ओढणारा तोही बहादूर. ही आपल्याकडची एक वाईट खोड आहे बघा. तो नऊ वर्षं आपला आंबा राखतो, आपल्या लग्नात वाढायला उभा राहतो, आणि त्याचं नाव काय हे विचारायची गरज आपल्याला वाटत नाही. त्याचं सिमकार्डसुद्धा बागमालकाच्या नावावर. नम्रताच्या फोनमध्ये तो ‘बहादूर बाग’.

बागेत रेंज नाही. म्हणून बहादूर रोज संध्याकाळी पाचला खाली यायचा, बाकावर बसायचा आणि गावाकडे व्हिडिओ कॉल लावायचा. आधी बायकोला, मग मुलाला. मुलगा काठमांडूला कॉलेजात. बहादूर त्याला ‘बाबू’ म्हणायचा, म्हणून नम्रतासाठीही तो बाबूच. एकोणीस वर्षांचा, दाट केसांचा, हसरा पोरगा. तो आपल्या बापाला ओरडायचा, “दात दुखतोय तर डॉक्टरकडे का जात नाही?” आणि मग, “फोन भाभींकडे दे.” नम्रताला म्हणायचा, “भाभी, इनको डाँटो!” तीही दटवायची.

शर्ट बनवले तेव्हा एक मोठ्या मापाचा उरला. तो तिनं बहादूरला दिला. त्याला झाला ढगळ, म्हणून त्यानं तो गावी जाणाऱ्या माणसाबरोबर मुलाला धाडला. जूनमध्ये एकदा बाबू व्हिडिओवर तोच शर्ट घालून आला आणि गर्रकन वळून पाठ दाखवली.

“भाभी, आपका नंबर मेरी पीठ पर! काठमांडू में आपका विज्ञापन!”

नम्रता त्या दिवशी मनापासून हसली होती. त्या शर्टामुळे ती आयुष्यात एकदाच हसली, ती तेव्हा.

यंदा गणपती गेले आणि त्याच सुमारास बहादूरचा फोन मुका झाला. शुक्रवारी तो बाकावर बसून अर्धा तास बटणं दाबत राहिला. “वैनी, फोन मेला वाटतो.” नम्रतानं बघितला. फोन धडधाकट होता. मग बातमी कळली की नेपाळच्या सरकारनंच व्हॉट्सअॅप, फेसबुक सगळं एकदम बंद करून टाकलंय. टिकटॉक तेवढं चालू. तिकडे चालू ते नेमकं आपल्याकडे बंद, आपल्याकडे चालू ते तिकडे बंद, म्हणजे बापलेकांनी बोलायचं कसं? नम्रतानं त्याला साध्या कॉलचा परदेशी पॅक मारून दिला.

रविवारी संध्याकाळी फोन लागला. बाबू भरभर बोलत होता आणि बहादूर सारखं “नको, नको” म्हणत होता. शेवटी त्यानं फोन नम्रताकडे दिला. “वैनी, तुमी सांगा याला. उद्या मोर्चाला जातो बोलतो.”

“बाबू, कशाला जातोस?”

तो हिंदीत समजावू लागला. भाभी, घाबरायचं काही नाही, सगळी कॉलेजची पोरं आहेत. पुढाऱ्यांची पोरं परदेशात मजा मारतात, त्याचे फोटो आम्ही फोनवर बघायचो आणि बोलायचो, म्हणून त्यांनी फोनच बंद केला. आमचा बाप परदेशात राबतो आणि त्याच्याशी बोलायचं पण नाही? त्याच्या ग्रुपमधली पोरं एकमेकांना नुसती फोनवर ओळखत होती, तोंडं कोणी कोणाची पाहिली नव्हती. मग गर्दीत ओळखायचं कसं? “मैंने बोला है, पीला शर्ट पहनूँगा. आपका वाला.”

“पुढे पुढे नको करूस,” नम्रता म्हणाली. “मागे राहा. ऐकतोस ना?”

“जी भाभी.”

तिला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. अनिल त्याच दिवशी मुंबईला परतला होता, घर रिकामं होतं. पण ती स्वतःलाच बोलली, तू भित्री आहेस, तुला सगळंच वाईट दिसतं.

सोमवारी दुपारी दुकानात आधार कार्डांच्या झेरॉक्स काढणाऱ्यांची गर्दी होती. एका हातात कागद, दुसऱ्या हातानं तिनं वाजणारा फोन उचलला. पलीकडे प्रचंड गोंगाट. माणसं ओरडत होती, सायरन वाजत होता, आणि एक आवाज घाईघाईनं म्हणत होता, “हेलो? धनसिंह साउद? धनसिंह साउद को बुलाइए! जल्दी!”

सायरन. परक्या माणसाच्या तोंडी पुरं नाव. नम्रताच्या हातातला कागद तिथेच सुटला. तिनं फोन कानापासून दूर धरून पडद्यावर पाहिलं, तर नंबराआधी अधिकची खूण. पुढचे आकडे तिनं वाचलेच नाहीत. मालनकाकूंचा तोच खोटा पोलीस, दुसरं कोण?

“इधर ऐसा कोई आदमी नहीं है. राँग नंबर!” म्हणाली आणि ब्लॉक.

दोन मिनिटांत दुसऱ्या नंबरावरून. पुन्हा अधिक. ब्लॉक. मग तिसरा. एवढे नंबर बदलून कोण मागे लागलंय? चौथ्या वेळी फोन वाजला तेव्हा तिनं तो बंदच करून कपाटात टाकला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, “बघा, हे असं असतं. म्हणून सांगते, उचलू नका.” लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, वैनी हुशार आहे.

पाचला बहादूर आला. मुलाचा फोन नुसता वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. एव्हाना टीव्हीवर येत होतं की काठमांडूत गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. बहादूरनं पंधरा वेळा नंबर फिरवला. नम्रता त्याला चहा देऊन म्हणाली, “अरे, फोन हरवला असेल गर्दीत. हजारो पोरं आहेत. तुझाच पोरगा कशाला असेल?” हे ती मनापासून म्हणाली. तोपर्यंत तिला खरंच काही ठाऊक नव्हतं, हे लक्षात ठेवा.

मंगळवारी सकाळी तिनं फोन चालू केला आणि तो थरथरतच राहिला. तिकडची बंदी रात्रीत उठली होती. क्रिकेटच्या ग्रुपवर संघाचा कप्तान गौरव यानं एक व्हिडिओ टाकला होता, खाली हसून लोळणारी तोंडं आणि शब्द, ‘वैनी इंटरनॅशनल झाली!!!’

तिनं व्हिडिओ उघडला. धूर, पळापळ. चार पोरं एकाला उचलून धावताहेत. त्याचं तोंड खाली, हात लोंबतोय. शर्ट पिवळा. कॅमेरा जवळ जातो आणि पाठ दिसते. ‘नम्रता मोबाईल, मालगुंड.’ खाली नंबर. शेवटच्या दोन आकड्यांवर काळपट लाल ओलं काहीतरी पसरलेलं.

खाली पोरांची चेष्टा. ‘अनिलदादाची जाहिरात लय लांब गेली.’ ‘कुठल्या गुरख्यानं नेला रे शर्ट?’ ‘परवडला धंदा.’ मग कोणीतरी लिहिलं होतं, ‘अरे गप्प बसा, पोराला लागलाय.’ त्यानंतर सगळे चिडीचूप.

नम्रतानं मान वर केली. बाहेर बाकावर बहादूर बसला होता. आज तो पाचची वाट न बघता सकाळीच खाली आला होता. त्याची पाठ तिच्याकडे होती आणि फोन कानाला.

नंतर ती सांगायची, त्या क्षणी मला बहादूरची दया आली नाही, मला माझीच भीती वाटली. कारण फोनवर दुसरंही येत होतं. ओळख ना देख अशा नंबरांवरून शे-दीडशे निरोप. तोच फोटो, शर्टाच्या पाठीभोवती लाल वर्तुळ. हा नंबर कोणाचा? तुम्ही कोण? पोरांना भडकवायला शर्ट तुम्ही वाटलेत का? कोणी शिव्या, कोणी हात जोडलेले, कोणी मेणबत्त्या. तिकडे सगळा देश पेटलेला आणि तिचा नंबर त्या आगीत फिरतोय! तिनं अनिलला फोन लावला.

अनिलनंही व्हिडिओ पाहिला होता. “नंबर बंद कर. दुकान बंद कर. कोण विचारला तर शर्ट आमचा नाय म्हण.”

“अहो, पाठीवर नाव हाय!”

“मग चोरला म्हण! उद्या पोलीस आले तर? तिकडचा सरकार इकडं विचारणार, मालगुंडची ही बाई कोण? आणि हे बघ, त्या बहादूरला काय बोलू नकोस. तो बोंबलत दुकानात बसला की अख्ख्या गावाला कळेल शर्ट कोणी दिला तो. कळला काय? नम्रता?”

“कळला.”

ती बाहेर गेली. बहादूरनं वळून पाहिलं. दोन दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. “वैनी, मेसेज जातो, पण एकच टिक येते. दोन येत नाय.”

नम्रता म्हणाली, “तिकडे नेटवर्क नाही. कर्फ्यू आहे ना. तू जा बागेत, गवत काढायचं असेल. काही कळलं की मीच निरोप धाडते.”

“खरा?”

“खरंच.”

“तुमी हायत म्हणून बरा,” तो म्हणाला, आणि उठून सड्याची वाट चालू लागला. नम्रता दाराला धरून उभी राहिली. तो वळणाआड जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. आयुष्यात तिनं कोणाला फसवलं नव्हतं. झेरॉक्स पुसट निघाली तर पैसे न घेणारी बाई ती.

दुपारी तीनच्या सुमाराला महिपतदादा आले. जन्मभर जहाजावर नोकरी केलेले, सगळ्या जगाची बंदरं पाहिलेले आणि त्यामुळे सगळ्या जगाबद्दल बोलायचा हक्क मिळालेले. चार जण त्यांच्याभोवती. त्यांच्या फोनवर तिकडची संसद जळत होती.

“बघा, बघा! पंतप्रधानानं राजीनामा दिलान म्हणे! आमच्या वेळी सरकार पाडायला रणगाडे लागायचे. आता पोरांचा फोन काढून घेतलात की पडला सरकार!”

“आमच्या घरी पण तसाच हाय,” कोणीतरी म्हणालं. “पोरीचा फोन काढून घेतला तर घर पेटवील.”

सगळे हसले. नम्रता आत कपाट पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. मग महिपतदादांनी फोनवरचं वाचून दाखवायला सुरुवात केली. तिकडे मेलेल्यांची नावं येताहेत म्हणे. पुरी नावं, बापाच्या नावासकट, गावासकट. त्यांनी दोन-तीन वाचली. परकी, अवघड नावं. सिंह, साउद, बोहरा...

“काय म्हणालात?” नम्रतानं आतून विचारलं.

“काय?”

“साउद. साउद म्हणजे काय?”

“आडनाव असता त्यांच्याकडं. पश्चिम नेपाळात. आमच्या जहाजावर एक स्वयंपाकी होता, साउद.”

धनसिंह साउद को बुलाइए. जल्दी.

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. फोन उघडला. ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी काढली आणि काल न वाचलेले आकडे आता एकेक करून वाचले. अधिक, नऊ, सात, सात. रविवारी बहादूरनं बाबूला लावलेला नंबरही तिच्या डोळ्यांसमोर होता. अधिक, नऊ, सात, सात.

म्हणजे कालचा तो खोटा पोलीस नव्हता.

आणि बहादूरला दुसरं नाव असणार. असणारच की! कोणत्या आईनं पोराचं नाव नुसतं बहादूर ठेवून सोडून दिलं असतं? नऊ वर्षांत हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

तिनं महिपतदादांना बाहेर काढलं. “दुकान बंद करतेय,” म्हणाली. शटर अर्धं ओढलं, स्टुलावर बसली आणि पहिला नंबर मोकळा करून लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तिला वाटत होतं, लागू नये. लागला नाही तर आपण प्रयत्न केला असं म्हणता येईल.

लागला.

“मालगुंड से बोल रही हूँ,” ती म्हणाली. “शर्ट पर जो नंबर है, वो.”

पलीकडून एक कोवळा आवाज आला, कालचाच, पण आता घाई नसलेला. तो मोडक्या हिंदीत सांगू लागला आणि नम्रता ऐकत राहिली.

त्याची दीपेशशी, म्हणजे बाबूशी, वर्षभराची ओळख, सगळी फोनवरची. काल पहिल्यांदा भेट झाली, पिवळ्या शर्टावरून. एकत्र चालत होते, गाणी म्हणत होते. मग गोळ्या सुटल्या. दीपेशच्या पोटात लागली. पळापळीत त्याचा फोन गेला. दवाखान्यात खाटा नव्हत्या, जमिनीवर निजवलं होतं. तो शुद्धीवर होता. बापाला सांगा म्हणत होता, पण बापाचा नंबर त्याला पाठ नव्हता. कोणाला पाठ असतो आता? मग त्यालाच आठवलं. म्हणाला, माझ्या पाठीवर बघा. तिथे भाभीचा नंबर आहे. भाभी माझ्या बुबांना, वडिलांना, बोलावून देईल. नाव सांगा धनसिंह साउद.

“हमने किया था,” तो पोरगा म्हणाला. “आपने बोला, ऐसा कोई आदमी नहीं है.”

नम्रतानं मशीनवर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं.

“वो पूछता रहा, लगा क्या? लगा क्या? मैंने झूठ बोल दिया. बोला, लग गया, भाभी ने बुबा को बता दिया, वो निकल गए हैं.”

“मग?” ती मराठीतच म्हणाली. “मग काय झाला?”

“चार बजे तक था.”

काल चारला ती काय करत होती? झेरॉक्स. फोन कपाटात, बंद. आणि पाचला बहादूर आला, तिनं त्याला चहा दिला.

पोरगा पुढे बोलत होता. नाव लावायला, देह ताब्यात द्यायला घरचं कोणी लागतं, आईच्या गावी फोन लागत नाही, रस्ते बंद आहेत, बुबांना सांगाल का? तिनं “हो” म्हटलं. अनिलचा फोन मध्ये मध्ये वाजत होता. तिनं तो कट केला.

मग शटर तसंच अर्धं ठेवून ती सड्याच्या वाटेला लागली. ऊन होतं. वाटेवर कातळावर अजून ओल होती, दोन्ही बाजूंना गवत गुडघाभर. ती घाबरलेली होती, आयुष्यात घाबरली नव्हती एवढी. पोलीस, अनिल, ते शे-दीडशे अनोळखी लोक, हे सगळं आता कुठच्या कुठे गेलं होतं. तिला एकाच माणसाची भीती वाटत होती. तो तिला काय बोलेल याची नाही. तो काही बोलणार नाही, पुन्हा म्हणेल “तुमी हायत म्हणून बरा”, याची.

वाटभर तिनं शब्द जुळवले. आधी सांगायचं लागलंय म्हणून. मग सांगायचं दवाखान्यात आहे. मग हळूहळू. लोक असंच करतात ना?

बागेत बहादूर कलमाखाली उकिडवा बसून विळ्यानं गवत कापत होता. पाठमोरा. तिची चाहूल त्याला लागली नाही. ती दहा पावलांवर थांबली. हाक मारायला तोंड उघडलं, पण नऊ वर्षांच्या सवयीची हाक तिनं मारली नाही. त्या नावानं ती त्याला आता बोलावू शकत नव्हती. ते त्याचं नावच नव्हतं. आणि काल त्याच्या खऱ्या नावाचा माणूस इथे नाही, असं तिनं सांगितलं होतं.

“धनसिंह साउद,” ती म्हणाली.

विळा थांबला. तो लगेच वळला नाही. मग वळला आणि त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या गावात त्याला त्या नावानं आजवर कोणी हाक मारली नव्हती. त्याचा चेहरा नम्रतानं पूर्वी एकदा पाहिला होता, बुरोंडीत, सुपातले तांदूळ समोर ठेवून खाली बसलेल्या तिच्या आईचा. तो तसाच, होता तिथे, कापलेल्या गवतावर खाली बसला.

मुलाचं काय झालं हे त्यानं विचारलंच नाही. त्यानं एवढंच विचारलं, “वैनी, माझा नाव तुमाला कोणी सांगितला?”

नम्रता त्याच्यासमोर गवतात बसली. खोटं बोलायला अजूनही जागा होती. आत्ताच कळलं, असं म्हणता आलं असतं.

“तुमच्या बाबूनं,” ती म्हणाली. “काल दुपारीच सांगितलान. मी ऐकला नाय.”